अंबत्तूर वर्ल्ड इलेव्हनचे मालक

तुमच्या ऑफिसात रोज चहा आणून देणारा माणूस कोणत्या हाताने बॉलिंग करतो, ते तुम्हाला माहीत आहे का? नसणार. मलाही माहीत नव्हतं, आणि माझं तर सगळं बालपण कामगारांच्या हक्कांची पत्रकं वाचण्यात गेलंय. सोलापुरात आमच्या घरी पत्रकांचे गठ्ठे इतके असायचे, की पाहुणा आला तर खुर्चीऐवजी त्याला एखाद्या गठ्ठ्यावर बसवायचे आणि उठताना तो थोडासा क्रांतिकारक होऊन उठायचा. पण हे असलं ज्ञान पत्रकात नसतं. ते माझ्या घरमालकांकडे असतं. मी पूर्ण जबाबदारीने सांगते, पृथ्वीच्या पाठीवर आजवर असा एकही माणूस जन्माला आलेला नाही, ज्याच्यात माझ्या घरमालकांना निदान एक बारावा खेळाडू दिसला नाही.

मी चेन्नईतल्या अंबत्तूरच्या औद्योगिक वसाहतीत एका सुट्या भागांच्या कारखान्यात तपासणीचं काम करते आणि त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर राहते. ते तंजावरी मराठी. म्हणजे त्यांचे पूर्वज तंजावरच्या दरबाराबरोबर दक्षिणेत आले, आणि त्यांची मराठी तेव्हा जी गाठोड्यात बांधून आणली ती अजून तशीच आहे, फक्त मधेमधे तमिळची फोडणी बसली आहे. ‘सगळे’ला ते ‘अस्के’ म्हणतात, ‘करतो’ला ‘करितो’ म्हणतात, आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी ‘इल्लया?’ म्हणजे ‘हो की नाही?’ असं विचारून उत्तराची वाट न बघता पुढे जातात. मी त्यांना मामा म्हणते, त्यांच्या बायकोला मामी. बाकी सगळं अंबत्तूर त्यांना ‘ओनर सार’ म्हणतं. घराचे मालक म्हणून नव्हे. घर त्यांच्या दृष्टीने एक किरकोळ गोष्ट आहे. ते टीमचे मालक आहेत.

माणूस पाहिला की मामा आधी त्याचे खांदे बघतात, मग मनगटं, आणि सगळ्यात शेवटी, वेळ उरला तर, तोंड. गॅसचा सिलिंडर खांद्यावरून आणणाऱ्या माणसाला त्यांनी दारातच थांबवलं आणि म्हणाले, “खाली ठेवू नको. तसाच जरा पळून दाखीव.” भाचीच्या लग्नात मंगळसूत्र बांधायच्या क्षणी सगळा मंडप अक्षता घेऊन उभा होता आणि मामा मृदंग वाजवणाऱ्याच्या बोटांकडे बघत होते. “अगे, ह्या बोटांनी चेंडू सोडिला तर दोन्हीकडे वळेल,” ते माझ्या कानात म्हणाले. अक्षता त्यांच्या मुठीतच राहिल्या. दाताच्या डॉक्टरकडे तर तोंडात चिमटा असताना त्यांनी हाताच्या खुणेने विचारलं होतं, की आपण डावखुरे का, आणि रविवारी मोकळे असता का. डॉक्टर मोकळे नव्हते. मामांनी दुसरा डॉक्टर बघितला.

“मला बघायला आले तेव्हा ह्यांनी पहिला प्रश्न काय विचारिला, ठाऊक आहे?” मामी एकदा मला चिंच कोळता कोळता म्हणाल्या. “पळता येतं काय, असं.”

“मग?”

“येतं म्हटलं. पण पळाले नाही. तेवढं चुकलं.”

स्वतः मामा आयुष्यात एकदाही बॅट हातात धरून मैदानात उतरलेले नाहीत. सरकारी कारखान्याच्या भांडारात नोकरी केली, रिटायर झाले, आणि तरीही दर रविवारी पांढरी पँट, पांढरा शर्ट आणि खडूने पुन्हा पांढरे केलेले कॅनव्हासचे बूट घालून, हातात मेगाफोन घेऊन निघायचे. खेळत का नाही, असं विचारलं तर म्हणायचे, “देवळाचा मालक कधी पूजा करितो काय? पुजारी करितो. मालक घंटा वाजवितो.” मेगाफोनवरून ते सामन्याचं वर्णन करायचे. आपला फलंदाज खेळत असला तर तमिळमध्ये, प्रतिस्पर्धी खेळत असला तर इंग्रजीत, आणि आपल्याच माणसाने झेल सोडला तर मराठीत, कारण ती मैदानावर माझ्याखेरीज कुणाला कळत नाही. त्या मराठीतले काही शब्द इतके जुने आहेत की मलाही कळत नाहीत. पण सूर कळतो.

आता ही टीम का निघाली, ते सांगायला हवं. इथे मला थोडं गंभीर व्हावं लागेल, ते सहन करा.

वसाहतीतल्या कारखान्यांची दरवर्षी एक क्रिकेट स्पर्धा असते. तिला सगळे ‘शील्ड’ म्हणतात. शील्डचा नियम असा, की कंपनीच्या रोलवर असलेला, म्हणजे कायम नोकरीतला माणूसच खेळू शकतो. कंत्राटी माणूस नाही. कायम माणसांच्या गळ्यात ओळखपत्राची निळी पट्टी, कंत्राटींच्या पिवळी. निळ्यांचं गेट पुढचं, पिवळ्यांचं मागचं. कँटीनमध्ये रांगा दोन, आणि सांबार एकाच पातेल्यातलं असलं तरी दोन वेगळ्या बादल्यांत काढतात. कुणी कुणाला शिवी देत नाही, कुणी कुणाला ढकलत नाही. सगळं अगदी सभ्यपणे वेगळं ठेवलेलं आहे, आणि माणसाला वेगळं ठेवण्याची सगळ्यात वाईट पद्धत सभ्य पद्धत हीच असते, असं माझं स्पष्ट मत आहे.

तर एका रविवारी मामा शील्डचा सामना बघत कुंपणाजवळ उभे होते. कुंपणाबाहेर सेल्वम नावाचा एक लोडिंगचा कामगार ट्रकमधून खोकी उतरवत होता. सव्वीस-सत्तावीस वर्षांचा, पिवळी पट्टी. चेंडू कुंपण ओलांडून त्याच्या पायाशी आला. त्याने खोकं एका हाताने छातीशी धरून ठेवलं आणि दुसऱ्या हाताने चेंडू परत फेकला. तो सगळ्या मैदानावरून गेला आणि स्टंपवर बसला. फलंदाज बिचारा क्रीजमध्ये उभा राहून पाणी पीत होता. अंपायर हसले, खेळाडू हसले, सेल्वम पुढचं खोकं उचलायला गेला.

मामा हसले नाहीत. ते तिथून थेट शील्डच्या सेक्रेटरींकडे गेले. सेक्रेटरी म्हणजे एका मोठ्या कारखान्याचे मनुष्यबळ अधिकारी, अत्यंत गोड बोलणारे. ते म्हणाले, “सर, मुलगा चांगला आहे. पण रोलवर नाही.” मामा घरी आले, बूट न काढता स्वयंपाकघरात गेले आणि मामींना म्हणाले, “मी टीम काढितो.”

“काढा,” मामी म्हणाल्या, “पण आधी बूट काढा.”

अशी टीम निघाली. त्यात लोडिंगवाले, कँटीनवाले, झाडूवाले, रखवालदार, अस्के पिवळे. कुणी उत्तर चेन्नईचा, कुणी ओडिशाचा, कुणी बिहारचा. थापा नावाचा एक नेपाळी रखवालदार विकेटकीपर म्हणून मिळाला, आणि दुसरा देश आला म्हणताच मामांनी टीमचं नाव ‘अंबत्तूर वर्ल्ड इलेव्हन’ ठेवून टाकलं. जुन्या पडद्यांचे शर्ट मामींनी शिवले. पडद्यांवर मोर होते. मोर प्रत्येकाच्या पाठीवर नीट यावा म्हणून त्यांनी इतकी कसोशी केली, की थापाचा मोर पोटावर आला तेव्हा शर्ट पूर्ण उसवून पुन्हा शिवला.

मैदान नव्हतंच. शील्डच्या मैदानाच्या कुंपणाला लागून एक मोकळा प्लॉट होता, तिथे मिळेल त्या टीमशी, नाहीतर आपसातच दोन बाजू पाडून खेळायचे, मुद्दाम त्याच वेळी. प्लॉटच्या मधोमध विजेचा खांब होता. मामा त्याला क्षेत्ररक्षकच धरायचे, आणि त्याला लागून उडालेला झेल पकडला तर फलंदाज बाद. एकदा चेंडू नाल्यात गेला तो गेलाच. दुसरा नव्हता. माणसं उठून जायला लागली. मामांनी मेगाफोन उचलला आणि हुकूम सोडला, “खेळ चालू ठेवा.”

“ओनर सार, चेंडू नाही,” सेल्वम म्हणाला.

“मी विचारलं का तुला, चेंडू आहे का?”

सेल्वम धावत आला आणि त्याने काहीच टाकलं नाही. पळनी नावाचा आमचा सलामीवीर, जो एरवी कँटीनमध्ये डोसे घालतो, त्याने त्या काहीच-नाहीला असा कव्हरमधून तडाखा दिला की थापासकट सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या. ओडिशाच्या क्षेत्ररक्षकाने मातीत लोळण घेऊन ते पकडलं. अंपायरने बोट वर केलं. पळनी जाईना. टप्पा पडून पकडला, म्हणाला. मग न-असलेला चेंडू जमिनीला लागला होता की नव्हता, यावर दोन्ही बाजू इतक्या भांडल्या की शील्डचा सामना बघणारे लोक कुंपणाला येऊन चिकटले, आणि त्यांच्यातही दोन पक्ष पडले. त्या दिवसापासून प्रत्येक सामन्याआधी बिनचेंडूचा खेळ ठरून गेला. मामा म्हणायचे, “चेंडू दाखविला तर लोक चेंडू बघितात. नाही दाखविला तर माणसं बघितात. इल्लया?”

दरवर्षी मामा सेक्रेटरींकडे जायचे. शील्डमध्ये आमची टीम घ्या. दरवर्षी सेक्रेटरी कॉफी पाजायचे आणि रोल म्हणायचे. गेल्या वर्षी मामांनी मागणी बदलली. शील्ड नको, शील्ड जिंकणाऱ्या टीमशी एक सामना द्या, तुमच्या मैदानावर. सेक्रेटरी हसून म्हणाले, “सर, बघायला कोण येणार? शंभर माणसं आणून दाखवा, मग बोलू.” मी म्हणाले, मामा, मला एक पत्रक लिहू द्या. मामा म्हणाले, “अगे, पत्रक लोक घडी करून खिशात घालितात. फ्लेक्स खिशात जात नाही.”

चेन्नईत राहिल्याशिवाय फ्लेक्सची महती कळणार नाही. इथे बारसं असो, साखरपुडा असो, पुढाऱ्याचा वाढदिवस असो, चौकात माणसाचा घराएवढा फोटो लागतो. आणि माणूस गेला तर त्याचाही लागतो. फोटोभोवती हार, दोन्ही बाजूंना समया, वर ‘कण्णीर अंजली’, म्हणजे अश्रूंची श्रद्धांजली, आणि खाली अंत्ययात्रेची वेळ आणि जागा. ही दोन्ही कामं एकच दुकान करतं.

मामांनी त्या दुकानात पळनीचा फोटो दिला. पळनी हसत नाही. तव्यापुढे आयुष्य गेलेला माणूस, कॅमेऱ्यापुढेही तो वाफ डोळ्यांत गेल्यासारखा बघतो. मामांनी सांगितलं, “रविवार, सकाळी आठ, कंपनी मैदानाशेजारचा प्लॉट. अस्क्यांनी यावं.” दुकानदाराने फोटो बघितला, मामांचे पांढरे कपडे बघितले, मजकूर बघितला आणि मूकपणे त्यांचा हात दाबला. मामांना वाटलं, क्रिकेटचा शौकीन दिसतोय.

शनिवारी संध्याकाळी वसाहतीच्या पाचही चौकांत पळनीला अश्रूंची श्रद्धांजली वाहिली गेली.

पळनी त्या दिवशी सुट्टी घेऊन सरावाला गेला होता, त्यामुळे कँटीनमध्येही तो नव्हता. झालं, शंकेला जागाच उरली नाही. रविवारी सकाळी आठला प्लॉटवर माणूस मावेना. सगळ्या कारखान्यांचे लोक आले, पिवळे आले, निळे आले, कारण डोसा खाताना पट्टीचा रंग कुणी बघत नाही. हातात हार. मरणाला परै वाजवणारे दोघे आपले ढोल घेऊन न सांगता आले. पळनीची आत्या व्यासरपाडीहून रडतच आली. आणि ज्याच्या नावाने हे सगळे जमले, तो मोराचा शर्ट घालून विजेच्या खांबाजवळ बॅट ठोकत उभा.

आत्या त्याच्याकडे चालत गेली. त्याचा चेहरा चाचपला. मग त्याच्या एक मुस्काटात ठेवून दिली.

“मी काय केलं?” पळनी म्हणाला.

“मेला का नाहीस?” आत्या म्हणाली. “दोन बस बदलून आले.”

मामांनी गर्दीकडे बघितलं. आपल्या हातून काय झालंय हे त्यांना कळायला जेवढा वेळ लागला, तेवढ्यात त्याचं काय करता येईल हेही त्यांना कळलं. मेगाफोन तोंडाला लावून ते म्हणाले, की पळनी तुमच्या प्रेमाने परत आलाय आणि आता फलंदाजी करतोय. परैवाल्यांनी हातातले ढोल तसेच न्यायचे कसे म्हणून वाजवायला सुरुवात केली. पळनीने पहिलाच चेंडू खांबावरून पलीकडे मारला, आत्या पुन्हा रडायला लागली, आणि आणलेले सगळे हार त्याच्या गळ्यात पडले. पुढे त्याला खालचा चेंडू दिसेना. तरी तो खेळत होता.

गर्दीत सेक्रेटरीही होते. कंपनीच्या वतीने एक मोठं पुष्पचक्र घेऊन आलेले. ते चक्र खाली ठेवावं की परत न्यावं, हे न सुचल्यामुळे ते हातात धरून उभे राहिले, आणि उभे राहिले म्हणून त्यांनी सेल्वमची बॉलिंग पाहिली. मामांनी त्यांना हेरलं. “सेक्रेटरी सार आपलं आव्हान स्वीकारायला जातीने फुलं घेऊन आलेत,” मामांनी मेगाफोनवरून जाहीर केलं. एवढ्या माणसांनी टाळ्या वाजवल्यावर फुलं हातात असलेला माणूस नाही कसं म्हणणार?

मामा इतके खूश झाले, की पुढच्या सामन्याला थापाला मारायचं त्यांनी ठरवलं. थापा तयार होईना. “ओनर साब, गावी बायको आहे,” तो म्हणाला. “ती बातमी खरी धरेल, आणि तिला बरं वाटेल.”

सामना झाला. त्यांच्या मैदानावर, खऱ्या खेळपट्टीवर, पुढच्या गेटातून आत जाऊन. आधी बिनचेंडूचा खेळ झाला आणि त्यात निळे लोक पोट धरून हसले. मग सेल्वमने चेंडूसह बॉलिंग टाकली आणि कुणी हसेना. आम्ही जिंकलो. मी मुठी आवळून उड्या मारत होते. आता शील्डचं दार उघडणार, नियम मोडणार, सगळी टीम आत जाणार. माझं अर्धं पत्रक मनात लिहून झालं होतं.

नियम मोडला नाही. सोमवारपासून एकेका कंपनीचा कॅप्टन मामांच्या घरी यायला लागला. टीम नको होती कुणाला. एकाला सेल्वम हवा होता, दुसऱ्याला ओडिशाचा क्षेत्ररक्षक. रोलवर घेतो म्हणाले. कायम नोकरी, निळी पट्टी. मग तो शील्ड खेळू शकतो आणि नियमही शाबूत राहतो.

सेल्वम मामांना विचारल्याशिवाय हो म्हणायला तयार नव्हता. संध्याकाळी तो आला, चपला पायरीखाली काढल्या आणि ओट्यावर उभाच राहिला. बस म्हटलं तरी बसेना. मामांनी त्याच्याशी त्याच्या पळण्याबद्दल बोलणं काढलं. शेवटची तीन पावलं लहान पडतात, म्हणाले. पावसाबद्दल बोलले.

मला राहवेना. मी मराठीत म्हणाले, जेणेकरून त्याला कळू नये, “मामा, ते तुमची टीम फोडतायत. जायचं तर सगळे, नाहीतर कुणीच नाही, असं सांगा त्यांना. हेच बरोबर आहे.”

“बरोबर आहे,” मामा म्हणाले. “अगे, पण पत्रकाला बायको असते काय? ह्याला आहे. पोटुशी आहे.” मग ते म्हणाले, “तो कुंपणाबाहेर होता म्हणून मी टीम काढिली. आता ते आत बोलवितात. मग मी कुंपण होऊ?”

नियम चूकच आहे, हे मी आजही ओरडून सांगेन. पण त्या ओट्यावर मला ओरडता आलं नाही.

मामा सेल्वमकडे वळले आणि तमिळमध्ये म्हणाले, “जा. पण तिकडे तुला फाइन लेगला उभं करतील. उभा राहू नकोस. तुझी जागा पॉइंट.” सेल्वम त्यांच्या पाया पडायला वाकला, तेव्हा मामांनी सवयीने त्याचा खांदा दाबून बघितला, अजून ठीक आहे ना म्हणून.

त्याच्या मागोमाग एकेक करून बरेचजण गेले. पळनीलाही एका कंपनीने घेतलं, मात्र मुख्यतः डोशांसाठी, असा मामींचा संशय आहे. थापाला कुणी विचारलं नाही. त्याचं वय झालं होतं. तो गावी गेला, बायकोला जिवंत भेटायला. उरलेल्यांचे अकरा होईनात. प्लॉटवर आता कुणीतरी पत्र्याची शेड ठोकली आहे.

रविवारी मामा अजून पांढरे कपडे करतात. मेगाफोन नेत नाहीत. शील्डच्या मैदानावर आत सोडताना गेटवर विचारतात, तुम्ही कुणाचे पाहुणे, आणि बहुतेक वेळा दोन वेगळ्या टीमचे लोक एकाच वेळी धावत येतात. मग मामा सीमारेषेजवळ बसतात. सेल्वम बॉलिंगला आला की टाळ्या वाजवतात, आणि समोरून पळनीने त्यालाच चौकार मारला की त्याहून जोरात वाजवतात, आणि मग दोघांपैकी एकजण बाद होणार हे लक्षात येऊन जरा वेळ दुसरीकडे बघतात. आजूबाजूची माणसं त्यांच्याकडे चमत्कारिक नजरेने पाहतात. म्हाताऱ्याला खेळ कळत नाही, असं एक निळ्या पट्टीवाला परवा माझ्यादेखत म्हणाला.

म्हणून तुम्हाला एक विनंती आहे. कधी रविवारी अंबत्तूरला आलात आणि सीमारेषेजवळ असा एक गृहस्थ दिसला, जो मारणाऱ्यालाही टाळ्या देतोय आणि टाकणाऱ्यालाही, तर त्याच्या शेजारी जाऊन बसा. ऊन फार असतं, तुमच्याकडे छत्री असेल तर थोडी त्याच्या बाजूला कलती धरा. तो तुमच्या मनगटांकडे बघेल, तेवढं बघू द्या. फक्त त्याला विचारू नका, की तुमची टीम कुठली.